कासारखोल, मैल बावीस

५ जानेवारी, रविवार

बँकेतून निवृत्त झाल्यावर मुलीने ही डायरी दिली होती. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं म्हणून कोरीच राहिली. आज घडलं.

लक्ष्मीपुरीत रद्दी घालायला गेलो आणि त्याच रद्दीवाल्याकडून एक पुस्तक घेऊन परत आलो. पद्मजा दारातच म्हणाली, "रद्दी घालायला गेला होता की आणायला?" तिला इतिहासाचं वेड नाही. शाळेत गणित शिकवते, त्याला आपण काय करणार.

पुस्तकाचं नाव 'मोटार-प्रवाशांचा सोबती: करवीर ते घाटमाथा'. लेखक ग. भा. बेडगकर, साल १९३४. कुठे विहिरीचं पाणी गोड, कुठे नाक्यावरचा शिपाई तिरसट, कोणत्या चढाला उतारूंनी खाली उतरून मोटार ढकलावी, सगळं त्यात आहे. वाचता वाचता एकेचाळिसाव्या पानावर आलो आणि चहा तसाच राहिला. मजकूर उतरवून ठेवतो:

"कासारखोल, मैल बावीस. रस्त्याच्या डाव्या अंगास विहीर. देसायांच्या घरी उतारूंस बिनमोबदला भोजन मिळते. घरचे लोक अगत्यशील असून कोणास विन्मुख पाठविल्याचे ऐकिवात नाही. भाकरी पातळ, रस्सा झणझणीत. मोटार थंड होईपर्यंत पडावयास सोपा हवेशीर."

कासारखोल म्हणजे माझी सासुरवाडी! हे देसाई म्हणजे पद्मजाचे पणजोबा! तिला हाका मारमारून दाखवलं. तिने वाचलं आणि म्हणाली, "बरं. ताट वाढू का?"

माझा निश्चय झाला आहे. हे पुस्तक पुन्हा छापायचं. संस्थेचं नावही सुचलं, 'मैलाचा दगड प्रकाशन'. नियम एकच: एक अक्षर बदलायचं नाही.

११ जानेवारी, शनिवार

शाहूपुरीत रशीदच्या छापखान्यात गेलो. रशीद माझा शाळासोबती. बँकेत मी कधी मॅनेजर झालो नाही, पण तो मला म्यानेजर म्हणतो. मीही कधी दुरुस्त केलं नाही.

पुस्तक चाळून म्हणाला, "म्यानेजर, वर मोठ्या अक्षरात टाक, सन एकोणीसशे चौतीसची माहिती. न्हायतर लोक खरं समजून जातील."

मी म्हटलं, मुखपृष्ठाचा विचका होईल, आणि वाचक काही खुळा नसतो.

"मी जन्मभर लग्नपत्रिका छापतोय," रशीद म्हणाला. "आहेर आणू नये असं छापलं की ते कुणी वाचत न्हाय. भोजनाची व्यवस्था केली आहे असं छापलं की न बोलावलेलं बी येत्यात. जेवणाचं छापलेलं लोक बरोबर वाचत्यात."

धंद्यात मुरलेल्या माणसाची दृष्टी अशी कोती होते. वाईट वाटलं.

१९ जानेवारी, रविवार

कासारखोलला जाऊन आलो. मेहुणा उदयसिंह आता गावातला वजनदार माणूस आहे. ऊस, ट्रॅक्टर आणि मिशा, तिन्ही भरघोस. जुनं घर पाडून त्याने स्लॅबचं दुमजली बांधलंय, फक्त पुढचा सोपा, म्हणजे जुनी ओसरी, आठवण म्हणून ठेवलाय. तिथे त्याची बायको स्नेहल शिवणाची दोन मशीनं टाकून बसते. आसपासच्या शाळांचे गणवेश शिवते. यंदा पहिल्यांदाच हायस्कूलचं काम मिळालंय, जूनच्या आत द्यायचंय, असं ती पद्मजाला सांगत होती. तिसरं मशीन घेणार म्हणे. सोप्यात खाकी कापडाचे तागे पसरलेले, बसायला जागा नव्हती.

उदयसिंहने एकेचाळिसावं पान तीनदा मोठ्यानं वाचलं. मग समोरच्या घरातल्या चुलतभावाला, राजवीरला, मुद्दाम बोलावून चौथ्यांदा वाचलं. राजवीर म्हणाला, "हे देसाई म्हंजे आमचं बी पणजोबाच की." उदयसिंह म्हणाला, "घर आमच्या वाटणीला आलंय. पान बी आमच्याच."

स्नेहलने एवढंच विचारलं, "दाजी, तवा जेवण कोण करत असंल? त्येंचं नाव हाय का आत?"

मी सांगितलं, की मार्गदर्शिकेत असले बारीक तपशील नसतात. "व्हय, बरोबर हाय," म्हणाली आणि तवा ठेवायला उठली.

जेवण उत्तम. भाकरीची कडा मात्र जराशी जाड. बेडगकरांनी 'पातळ' असं स्पष्ट लिहिलंय. कला लयाला जाते ती अशी. संशोधकाच्या भूमिकेतून तिला तसं सांगितलंही. ती हसली. मोकळ्या मनाने घेतलं.

२ फेब्रुवारी, रविवार

प्रस्तावना पूर्ण. शेवटचं वाक्य लिहिताना डोळे भरून आले: "करवीरनगरीत येणाऱ्या प्रत्येक वाचकास आमच्या घराचे दार सदैव उघडे आहे, आमच्या घरची भाकरी खाल्ल्यावाचून त्याने पुढे जाऊ नये." खाली घरचा पत्ता दिला.

पद्मजाला वाचून दाखवलं. ती पेपर तपासत होती. म्हणाली, "भाकरी कोण करणार?"

मी म्हटलं, अगं, ती एक भावना आहे.

"भावना तव्यावर टाकता येत नाही," म्हणाली आणि तांबड्या शाईने कुणाचं तरी गणित चूक केलं.

२ मार्च, रविवार

प्रकाशन समारंभ थाटात झाला. प्रमुख पाहुणे पुस्तक न वाचताच आले होते, पण ते त्यांनी प्रांजळपणे कबूल केलं आणि पाऊण तास आपल्या युरोप सहलीवर बोलले. प्रवासाचाच विषय असल्याने खटकलं नाही.

खरी बाजी मारली उदयसिंहने. फेटा बांधून, दोन जीपा भरून माणसं घेऊन आला. बोलायला उभा राहिला आणि माईक हातात धरून गरजला, "पुस्तकात लिवलंय ते आजबी हाय! कवाबी या! देसायाच्या दारातनं एक जरी माणूस उपाशी गेला, तर ह्या मिशा काढीन!"

टाळ्यांचा कडकडाट. एका वाक्यात नव्वद वर्षं जोडली गेली. स्नेहल मागच्या रांगेत होती. टाळ्या वाजवताना दिसली नाही, मांडीवर पिशवी होती म्हणून असेल.

१६ मार्च, रविवार

वाचकांचा प्रतिसाद सुरू झाला. शिरोळहून एका गृहस्थांचा फोन. बेडगकरांनी लिहिलंय, की नदीकाठी थांबून तीनदा भोंगा वाजवावा म्हणजे नावाडी येऊन मोटार नावेवर घेतो. हे गृहस्थ कुटुंबासह अर्धा तास भोंगा वाजवत होते. नावाडी आला नाही, पोलीस आला.

मी विचारलं, "अहो, शेजारी पूल दिसला नाही का?"

"दिसला की. पर पुस्तकात न्हवता."

माणसाकडे ऐतिहासिक दृष्टी नसली की असं होतं. मात्र एक प्रत त्यांनी मेहुण्यासाठी आणखी मागवली.

होळीला मुलगी, ऋता, पुण्याहून आली होती. मामाकडे जाऊन तिने मोबाईलवर चित्रफीत केली: मामाच्या मिशा, हातात पुस्तक, पुढ्यात तांबडा-पांढरा रस्सा. 'इथं आजही फुकट जेवण मिळतं' असं वर लिहिलं आणि दिलं सोडून. लाखभर लोकांनी बघितली म्हणते. प्रस्तावनेचा उल्लेख त्यात नाही, ते तिला सांगायला हवं.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारतोय तोवर उदयसिंहचा फोन. आवाजात नुसता उत्साह. "दाजी, बुलेटवाली आल्यात पुण्याची! पान एकेचाळीस उघडून दारात हुभी! म्हटलं, या पावणं, घर तुमचंच हाय!"

मागून भांड्यांचा आवाज येत होता. सणाचा दिवस, घर गजबजलेलं. कान तृप्त झाले.

१३ एप्रिल, रविवार

आज प्रत्यक्ष पाहून आलो. अंगणात गाड्यांची रांग. सोपा मोकळा केलाय! शिवणाची मशीनं, तागे, सगळं उचलून मागे गोठ्यात ठेवलं आणि इथे सतरंज्या अंथरल्या. पाहुणे जेवून आडवे झाले होते, एकजण चक्क घोरत होता. 'मोटार थंड होईपर्यंत पडावयास सोपा हवेशीर.' बेडगकर पाहायला हवे होते. वास्तूला तिचं मूळ रूप परत मिळालं आणि ते माझ्या पुस्तकाने दिलं, हे आज मनापासून वाटलं.

गोठ्यातही डोकावलो. एका मशीनवर कोंबडी बसली होती. खाकी कापडाला एका बाजूने शेण लागलंय. धुतलं की निघेल.

स्नेहल चुलीपाशी होती. हाताखाली शेजारच्या धोंडुबाई. पाहुण्यांच्या सूचना चालूच होत्या: पांढरा रस्सा जरा पातळ झालाय, पंखा वाढवा, मिठाचं बघा. एक बाई म्हणाल्या, "मोबाईलवर भाकरी फुगलेली दिसत होती, तशी एक करून दाखवा ना, फोटो काढायचाय." धोंडुबाई म्हणाल्या, "माझाच काढ की, मीबी फुगलोय." बाईंना विनोद समजला नाही.

स्नेहल मात्र काही बोलत नाही. शिकलेल्या माणसांपुढे बुजत असावी. बी.कॉम. आहे, पण तरी.

परत निघताना राजवीरने गाडी अडवली. दुसऱ्या आवृत्तीत त्याचंही घर घालायचं म्हणतो. "आमच्यात मटण बी देतो. फकस्त उदयच्या आधी नाव पायजे." मी सांगितलं, की मयत लेखकाच्या ग्रंथात भर घालता येत नाही. तो म्हणाला, "मयत हाय न्हवं? मग त्यो कशाला इचारतोय?"

२७ एप्रिल, रविवार

उदयसिंहचा फोन. आवाज बसलेला. आज म्हणे सहलीची अख्खी बस आली. मी सुचवलं, की पुस्तकात एक चिठ्ठी चिकटवू या, 'भोजनाची सोय तूर्त बंद'. तर खवळलाच. "तूर्त बंद? राजवीर गावभर पेढं वाटंल! दाजी, छापलंय म्हंजे छापलंय. देसायाचा शब्द हाय त्यो."

मला भरून आलं. असे लोक आता कुठे राहिलेत?

पद्मजाला सांगितलं तर म्हणाली, "शब्द उदयचा, भाकरी स्नेहलच्या. तिच्या हायस्कूलच्या ऑर्डरचं काय? रविवारी पाहुणे म्हणून शनिवारी तयारी, सोमवारी भांडी. ती शिवणार कधी?"

मी म्हटलं, शिवणकाम काय, होत राहतं. असा योग नव्वद वर्षांनी एकदा येतो.

तिने माझ्याकडे पाहिलं. दहावीला येऊन बाराचा पाढा विसरलेल्या मुलाकडे पाहते, तसं. मग म्हणाली, "चिठ्ठी चिकटवा. उदयला विचारू नका."

मी नाही म्हटलं. एक अक्षर बदलायचं नाही हा नियम आहे, आणि चिठ्ठीत तर खूप अक्षरं येतात. पण खरं सांगायचं तर थोडी शंका मलाही आली. बेडगकर त्या घरी किती वेळा जेवले असतील? कासारखोलवर सहा ओळी आहेत, आणि गारगोटीवर चार. गारगोटीत बहुधा कुणी जेवायला घातलं नसावं. अशा शंका अभ्यासकाने फार वाढवू नयेत.

१८ मे, रविवार

पहिली आवृत्ती संपली! रशीदलाही आश्चर्य वाटलं. त्याला सांगितलं, की लोकांना प्रस्तावना भावली. तो म्हणाला, "माझ्याकडं येत्यात ते एकेचाळीसच पान मागत्यात. तेवढंच झेरॉक्स करून दे म्हणत्यात."

उदयसिंह बोलता बोलता म्हणाला, की स्नेहलचं हायस्कूलचं काम गेलं. वेळेत निम्मेही गणवेश होईनात, म्हणून शाळेने गारगोटीच्या दुकानदाराला दिलं. दोनातलं एक मशीनही विकायला काढलंय, जागा नाही म्हणून.

मी पद्मजाला म्हटलं, "एका अर्थी बरंच झालं. आता तिला पाहुण्यांकडे नीट लक्ष देता येईल."

तेव्हापासून पद्मजा माझ्याशी बोलत नाही. उन्हाळा यंदा फार आहे.

७ जून, शनिवार

अबोला संपला. पद्मजा सकाळपासून प्रसन्न आहे. गिरणीतून ज्वारीचं पीठ दळून आणलं, पिशवी मला उचलवेना. एवढं कशाला, विचारलं तर म्हणाली, "लागेल." फोनवर कुणाशी तरी बराच वेळ बोलत होती आणि हसत होती. मी खोलीत गेलो की आवाज कमी. माझ्या वाढदिवसाचा काही बेत असावा. वाढदिवस ऑक्टोबरात आहे, पण हौस असते माणसाला.

८ जून, रविवार

उजव्या हाताच्या दोन बोटांना फोड आलेत, म्हणून अक्षर वाकडं येतंय.

दुपारी जेवायच्या वेळेला बेल वाजली. दारात स्नेहल, धोंडुबाई आणि कासारखोलच्या आणखी चार बायका. वडापच्या जीपने आल्या होत्या, ठेवणीतल्या साड्या नेसून. स्नेहलच्या हातात माझं पुस्तक.

"या, या. अशा अचानक?"

"अचानक कुठलं दाजी, पुस्तक बघून आलोय." तिने प्रस्तावनेचं शेवटचं पान उघडलं आणि उंबऱ्यातूनच वाचलं, "आमच्या घरची भाकरी खाल्ल्यावाचून त्याने पुढे जाऊ नये." स्पष्ट वाचते. एकदाही अडखळली नाही.

पद्मजाने सगळ्यांना पाणी दिलं आणि सतरंजीवर त्यांच्याच ओळीत मांडी घालून बसली. मी खुणेने म्हटलं, जेवणाचं बघ.

"मी कशी बघू?" ती म्हणाली. "पुस्तक तुमचं, वाक्य तुमचं, दार तुम्ही उघडलंय. मी आज पावणी."

मी म्हटलं, मग कोपऱ्यावरच्या हॉटेलातून मागवतो.

"भाकरी लिवलंय," धोंडुबाई म्हणाल्या. "हाटेल लिवलेलं न्हाय."

मी स्नेहलला विचारलं, उदयसिंह कुठे आहे?

"घरी हायत. आज पुण्याची बुलेटवाली येणार हायत न्हवं? शब्द त्येंनीच दिलाय. त्येच घालतील."

स्वयंपाकघरात गेलो. परात, पीठ, तवा, सगळं ओट्यावर काढूनच ठेवलेलं होतं. कुकरमध्ये रस्साही तयार दिसला. फक्त भाकऱ्या नव्हत्या. पीठ घेतलं, पाणी ओतलं, तर पिठल्यासारखं झालं. आणखी पीठ घातलं तर भेगा पडल्या. तेवढ्यात मोबाईल वाजला. उदयसिंह. मागे बुलेटींची फडफड.

"दाजी," आवाज अगदी खाली आणून तो म्हणाला, "भाकरीला पाणी ऊन घेत्यात का गार?"

मी म्हटलं, "मी तुलाच विचारणार होतो."

 मग तो म्हणाला, "धा जणं हायत वो," आणि फोन बंद झाला. धोंडुबाईंनी बाहेरून ओरडून सांगितलं, "ऊन घ्या, ऊन!"

पहिली भाकरी परातीलाच चिकटली. दुसरी उचलताना हातात मोडली. तिसरी तव्यावर पडली, पण पाणी फिरवायचं राहिलं आणि बोटं भाजली. बाहेर सूचना सुरू झाल्या. पंखा वाढवा. मीठ कुठाय? एकजण म्हणाली, फुगलेली एक करून दाखवा, फोटो काढायचाय. हे सगळं कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत होतं. कुठे ते आठवायला वेळ लागला नाही, तव्यापुढे उभं राहिलं की डोकं चालतं.

जेवल्यावर त्या माझ्या लिहिण्याच्या खोलीत गेल्या. मी हात पुसत मागे गेलो तर टेबल नाही. माझे कागद, बेडगकरांचं मूळ पुस्तक, दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं, सगळं टेबलासकट गॅलरीत. प्रुफांवर कबुतर बसलेलं. पंख्याखाली सहाजणी आडव्या.

स्नेहल म्हणाली, "टेबल जरा भाईर सरकवलंय दाजी. कसं मोकळं झालं बघा. हवेशीर."

मी कबुतर हाकललं. एका प्रुफावर व्हायचं ते झालं होतं. धुऊन निघण्यातलं नव्हतं ते. मग विचारलं, "जेवण झालं ना नीट?"

ती उठून बसली. पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहून बोलली. "हायस्कूलचं काम पाच वर्सं मागत हुतो दाजी मी. दरसाली हेडमास्तरांच्या दारात जाऊन. औंदा मिळालं. उद्या शाळा सुरू झाली की पोरं जातील ती दुसऱ्यानं शिवलेली कापडं घालून, आणि माझं मशीन म्हशीपाशी हाय. तुमच्या पुस्तकात आमचं घर लिवलंय, आमचा सोपा लिवलाय, हिरीचं पाणी लिवलंय. मी कुठं हाय त्यात?"

पंखा फिरत होता. पद्मजा दारात उभी होती, तिने काही मदत केली नाही.

मी म्हटलं, "चुकलं माझं."  इतकी वर्षं बँकेत पत्रं लिहिली, दिलगिरीची तर ढीगभर, पण एकही वाक्य कामाला येईना.

"असूं दे," स्नेहल म्हणाली. "जेवण चांगलं झालं हुतं. भाकरीची कडा तेवढी जाड."

१० जून, मंगळवार

लाज वाटते. मागची पानं वाचली. गोठ्यातलं कापड मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि 'धुतलं की निघेल' असं माझ्याच अक्षरात लिहिलंय. कोंबडीही दिसली होती. कोंबडी दिसते आणि बाई दिसत नाही, असला अभ्यासक.

१५ जून, रविवार

सकाळी बेल वाजली. दारात एक अनोळखी, गोल तोंडाचा माणूस. "दाजी, मी हाय," म्हणाला तेव्हा ओळखलं. उदयसिंह. मिशा साफ!

त्या दिवशी बुलेटवाले उपाशी गेले. भाकरीचा करपलेला एकेक तुकडा हातात घेऊन समोर राजवीरकडे जाऊन जेवले. आणि उदयसिंहने माईकवर शब्द दिला होता. "छापलेला न्हवता, पर बोललेला हुता," म्हणाला. वरच्या ओठावर सारखा हात फिरवत होता. सोप्यातल्या सतरंज्या गुंडाळल्यात, मशीनं धुऊन पुसून परत आणलीत, विकायला काढलेलं आता विकायचं नाही म्हणे. पाहुणे आता राजवीरकडे जातात. राजवीर खूष आहे. त्याच्या बायकोचा पद्मजाला कालच फोन आला होता, आमचा पत्ता विचारत होती.

मग स्नेहलला फोन लावला. दुसऱ्या आवृत्तीसाठी एकेचाळिसावं पान तिने सांगायचं, मी लिहायचं. ती सांगत गेली, मी एकही विशेषण घातलं नाही:

"कासारखोल, मैल बावीस. विहीर बुजली. जेवण मिळत नाही. देसायांच्या घरी, सोप्यात, शाळेचे व इतर कपडे शिवून मिळतात. स्नेहल देसाई यांस आगाऊ कळवावे. पाणी मागितल्यास मिळेल."

प्रूफ घेऊन शाहूपुरीत गेलो. रशीदने वाचलं, चष्मा वर केला. "म्यानेजर, एक अक्षर बदलायचं न्हवतं न्हवं?"

मी म्हटलं, सगळीच बदलली.

घरी येऊन तांबडी पेन्सिल घेतली आणि प्रस्तावनेचं ते शेवटचं वाक्य पत्त्यासकट खोडायला बसलो. पद्मजाने माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली.

"ते राहू दे," म्हणाली. "छापलंय म्हणजे छापलंय."

पुढच्या रविवारी सांगलीचे दोन वाचक येणार आहेत, सहकुटुंब. दळण आणून ठेवलं पाहिजे.